रेम्ब्रांटच्या घरी शंख बघायला

भारतातून पाहुणे आले की ट्युलिपच्या बागा, कालव्यातली बोट आणि राइक्सम्युझियम हा बेत ठरलेलाच असतो. त्यात मी एक ठिकाण हट्टानं घुसवते: अ‍ॅमस्टरडॅममधलं योडनब्रेस्ट्राट क्रमांक ४. सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट जिथे राहायचा ते घर, आताचं रेम्ब्रांटहाउस म्युझियम. तिथे मोठी चित्रं आहेत का, असं कुणी विचारलं तर मी सरळ सांगते, मोठ्या तैलचित्रांसाठी राइक्सम्युझियमच गाठा. इथे यायचं ते त्याच्या छापचित्रांसाठी, आणि माझ्यापुरतं विचाराल तर शंखांसाठी.

मी मूळची वेंगुर्ल्याची. सागरेश्वरच्या किनाऱ्यावर शंख-शिंपले वेचत मोठी झाले, पुढे प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केलं, आणि आता नवऱ्याच्या नोकरीपायी अ‍ॅमस्टरडॅमला लागून असलेल्या अ‍ॅम्सटेलवेनला राहते. आमच्या वेंगुर्ल्यात डच वखारीचे पडके अवशेष आहेत. डचांनी तिथे १६३७ साली बस्तान बसवलं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १६३९ मध्ये, रेम्ब्रांटनं हे घर १३,००० गिल्डरना (तेव्हाचं डच चलन) घेतलं. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध नाही, पण दोन्हींच्या मागे एकच व्यापार उभा आहे. मिरी, जायफळ, कापड भरून येणाऱ्या त्याच जहाजांतून खलाशांच्या पेट्यांमध्ये पूर्वेकडचे शंख अ‍ॅमस्टरडॅमच्या धक्क्यावर उतरत होते.

घराचे पैसे रेम्ब्रांटला कधीच पुरते फेडता आले नाहीत. १६५६ मध्ये त्याचं दिवाळं निघालं आणि कारकून घरात येऊन खोल्याखोल्यांतून हिंडत एकेक वस्तू लिहून गेले. ती यादी ३६३ नोंदींची आहे. माणसावर ओढवलेलं हे संकट आज आपल्या पथ्यावर पडलं आहे, कारण कुठल्या खोलीत काय होतं हे त्या यादीमुळेच कळतं. १९११ मध्ये इथे संग्रहालय सुरू झालं, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी ह्या यादीवरून घर पुन्हा सजवलं गेलं. त्यामुळे एक गोष्ट मनाशी धरूनच आत जावं: इथल्या खुर्च्या, पलंग, शंख रेम्ब्रांटच्या हातातले नव्हेत. त्याचं सामान लिलावात विकलं जाऊन पांगलं. जे आहे ते त्या काळातलं किंवा त्या धर्तीचं, यादीबरहुकूम मांडलेलं. मला त्यात काही उणं वाटत नाही. एखाद्या खऱ्या पण सुट्या वस्तूपेक्षा अख्खी खोली डोळ्यांसमोर उभी राहणं मला जास्त मोलाचं वाटतं.

खालचं स्वयंपाकघर, पाहुण्यांची आणि चित्रं विकायची दालनं हे सगळं छान आहे. ऑडिओ गाईड तिकिटातच मिळतो, तो ऐकत ऐकत इथून पुढे सरका. खरा वेळ राखून ठेवायचा तो वरच्या मजल्यावरच्या कुन्स्टकामरसाठी.

कुन्स्टकामर म्हणजे संग्रहाची खोली. त्या काळी युरोपातल्या राजेरजवाड्यांकडे अशा खोल्या असत, आणि हॉलंडमध्ये व्यापारी, औषधविके, चित्रकारही आपापल्या ऐपतीप्रमाणे त्या थाटत. देवानं घडवलेलं आणि माणसानं घडवलेलं, दोन्ही एका छताखाली. रेम्ब्रांटच्या यादीत ह्या खोलीखाली रोमन सम्राटांचे अर्धपुतळे आहेत, पृथ्वीचे गोल आहेत, एक जपानी शिरस्त्राण आहे, पौर्वात्य प्याले आहेत, आणि राफाएल, मायकेलअँजेलो, मान्तेन्या, लुकास फान लायडन यांच्या चित्रांच्या छापांचे जाडजूड गठ्ठे आहेत. एका नोंदीत जमिनीवरच्या आणि समुद्रातल्या जीवांचे ४७ नग आहेत. दुसऱ्या एका नोंदीत शंख आणि पोवळ्याच्या फांद्यांसारखे समुद्रातले जिन्नस ‘मोठ्या प्रमाणात’ असल्याचं लिहिलं आहे. कारकुनानं ते मोजायचा नाद सोडून दिलेला दिसतो. मी तिथे असते तर त्याला मोजून दिले असते.

आत शिरलात की भिंतीवरच्या फळ्यांकडे बघा. शंख, पोवळी, कासवाची पाठ, शस्त्रं, आणि त्यांच्या शेजारी पांढरेफटक सम्राट. हात लावता येत नाही, आणि शंख हातात न घेता बघणं माझ्यासारखीला जड जातं, पण निदान डोळे जवळ नेता येतात. मोठ्या शंखांच्या तोंडाशी बघा. आतला गुलाबी-पिवळसर गुळगुळीतपणा आणि बाहेरचा खरबरीत, चुन्याचा थर बसलेला पृष्ठभाग यांतला फरक त्या खोलीतल्या मंद उजेडातही कळतो. पांढऱ्या पुतळ्याचा गाल आणि शंखाचा ओठ, दोन्हींवर उजेड कसा वेगवेगळा पडतो ते मला इथे शेजारी शेजारी बघायला मिळालं. चित्रकाराला हे सगळं घरात का हवं होतं, याचं उत्तर मिळायला दुसरं काही लागत नाही.

त्यात भर म्हणजे, त्याचा मोठा स्टुडिओ ह्याच मजल्यावर आहे. उत्तरेकडच्या खिडक्यांमधून येणारा थंड, स्थिर उजेड, चित्राची घोडी, रंग. संग्रहाची खोली आणि कामाची खोली यांच्यामध्ये चार पावलं. श्रीमंतांकडचे शंख पाहुण्यांना दाखवायला असत. इथले शंख हे कामाचं सामान होतं. विद्यार्थ्याला काढायला द्यायचे, स्वतः काढायचे, एखाद्या चित्रात गरज पडली तर फळीवरून उचलून आणायचे. मी युरोपात अशा आणखी काही संग्रहाच्या खोल्या पाहिल्या आहेत, काही ह्याच्या दसपट भरलेल्या. पण शंख बघून चित्रकारानं नेमकं काय केलं असेल हे कळतं असं ठिकाण मला हेच वाटतं.

त्यानं काय केलं ते १६५० सालच्या एका छोट्याशा चित्रात दिसतं. ताम्रपटावर कोरून छापलेलं, जेमतेम दहा सेंटिमीटर बाय तेरा सेंटिमीटरचं, पोस्टकार्डाहून लहान. त्यात एकच शंख आहे, दुसरं काही नाही. शेकडो ताम्रपट कोरणाऱ्या ह्या माणसानं निर्जीव वस्तूचं असं स्वतंत्र कोरीव चित्र एवढं एकच केलं. म्युझियमकडे त्याच्या सुमारे २९० कोरीव चित्रांपैकी साधारण २६० आहेत, पण कागद उजेडात फार दिवस ठेवता येत नाही म्हणून ती आलटून पालटून मांडतात. तेव्हा शंखाचं चित्र आपल्या मोबाइलमध्ये आधीच उतरवून न्या. राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर ते मोठ्या आकारात, मोफत मिळतं. कुन्स्टकामरमध्ये उभं राहून ते उघडा आणि दोन बोटांनी मोठं करा.

चित्रातला शंख ‘कोन’ म्हणजे शंकूच्या आकाराच्या शंखांपैकी आहे. जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५८ मध्ये त्याला नाव दिलं कोनस मार्मोरियस, संगमरवरी कोन. गडद तपकिरी-काळ्या अंगावर पांढरे त्रिकोणी ठिपके, एकात एक गुंतल्यासारखे. मोठं करून बघितलंत की लक्षात येईल, रेम्ब्रांटनं ठिपके काढलेलेच नाहीत. त्यानं ठिपक्यांच्या मधली काळोखी जागा काढली आहे, बारीक बारीक रेघांची जाळी घालून. पांढरं आहे तो नुसता कागद. आणि त्या रेघा सपाट नाहीत, शंखाच्या गोलाईबरोबर वळतात. उजेडाच्या बाजूला विरळ आणि सावलीकडे घट्ट होत जातात, खाली जिथे शंख टेकला आहे तिथे तर सुईनं ओढलेल्या रेघांची मऊ, मखमली काळी कड आहे. सुरुवातीच्या छापांत मागची बाजू कोरी होती. मग त्यानं ताम्रपट पुन्हा हातात घेतला आणि सगळी पार्श्वभूमी रेघांनी भरून काळी केली. दोन्ही छाप शेजारी ठेवून बघा. पहिल्यात शंखाचा नमुना दिसतो, प्राणिशास्त्राच्या जर्नलमध्ये आम्ही काढायचो तसा. दुसऱ्यात तो कुठल्या तरी टेबलावर, कुठल्या तरी खोलीत, वजन घेऊन पडलेला आहे. मला दुसरा आवडतो.

माझी मावशी वेंगुर्ल्याहून आली होती तेव्हा तिला मी हेच मोबाइलवर दाखवलं. तिच्या देवघरात शंख आहे, रोज धुते, पुसते, फुंकते. तिनं चष्मा सारखा केला, क्षणभर बघितलं आणि म्हणाली, “अगो, ह्यो शंख उलटो आसा.”

अगदी बरोबर. कोन शंख वेटोळ्याची रुंद बाजू वर करून, तोंड आपल्याकडे धरला तर तोंड उजव्या हाताला येतं. समुद्रातल्या बहुतेक साऱ्या शंखांचं असंच असतं. रेम्ब्रांटच्या चित्रात वेटोळं उलटं फिरतं. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर नेहमीचा वामावर्ती शंख त्यानं दक्षिणावर्ती करून टाकला आहे. लोक ज्याच्यासाठी हजारो रुपये मोजतात तो दक्षिणावर्ती. (जाता जाता सांगते, बाजारात दक्षिणावर्ती म्हणून जे विकतात त्यातले बरेचसे अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या एका वेगळ्याच जातीचे असतात, ती जात जन्मतःच उलट्या वेटोळ्याची. देवघरातला शंख म्हणजे टर्बिनेला पायरम, आणि त्यात उलटा फार म्हणजे फारच दुर्मीळ.)

असं का झालं, हे समजून घ्यायला ह्या घरात उत्तम सोय आहे. इथे कोरीव छपाईचं प्रात्यक्षिक दाखवतात आणि ते अजिबात चुकवू नका. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर देतात, तो धुरावर काळा करतात, मग सुईनं त्यावर चित्र काढतात. सुई जिथून जाते तिथलं मेण निघून खालचं तांबं चमकतं. पत्रा आम्लात बुडवला की तेवढ्याच रेघा खाल्ल्या जातात. मेण काढून शाई चोळायची, वरची शाई जाळीदार फडक्यानं आणि शेवटी तळहातानं पुसून घ्यायची म्हणजे ती फक्त खाचांत उरते. ओलसर कागद ठेवायचा आणि यंत्राच्या दोन रुळांमधून दाबून काढायचं. आमच्या वेळी दाखवणाऱ्या मुलीनं कागद पत्र्यावरून हळूहळू सोलून काढला तेव्हा मावशी टेबलाला टेकून उभी होती. पत्र्यावर डावीकडे असलेलं कागदावर उजवीकडे आलं.

रेम्ब्रांटनं शंख समोर ठेवून जसा दिसला तसा पत्र्यावर काढला, आणि छापताना तो उलटला. पण खरी गंमत पुढेच आहे. चित्रात डावीकडे खाली त्याची सही आणि साल आहे, ती मात्र सरळ वाचता येते. म्हणजे सही त्यानं पत्र्यावर मुद्दाम उलटी कोरली. छापल्यावर सगळं फिरतं हे तो विसरला नव्हता. नावासाठी त्यानं ती काळजी घेतली आणि शंखासाठी घेतली नाही. मी ह्यावर बराच विचार केला आहे आणि माझं मत असं की त्याला वेटोळ्याच्या दिशेशी कर्तव्य नव्हतं. त्याला हवे होते ते ठिपके, ती गोलाई, ते वजन, आणि हे सगळं उलट्या शंखातही तितकंच खरं आहे. प्राणिशास्त्रवाली म्हणून मला हे खटकायला हवं होतं. तसं काही झालं नाही. एखाद्या प्राण्याचं नाव, जात, दिशा सगळं बरोबर असलेली आणि तरीही मेलेली चित्रं मी कॉलेजात पुष्कळ पाहिली आहेत.

मावशीचा पुढचा प्रश्न होता, ह्या शंखाला तेव्हा पैसे पडत का? पडत, आणि थोडेथोडके नाहीत. हार्लेमचा एक कापडव्यापारी, यान होफर्ट्स, शंखांचा एवढा शौकीन की १६०३ मध्ये चित्रकार हेन्ड्रिक होल्ट्सियसनं त्याची तसबीर काढली ती हातात मोठा शंख देऊनच. ती आता रॉटरडॅमच्या बॉइमन्स संग्रहालयाच्या मालकीची आहे. १६१४ मध्ये रुमर फिशर ह्या अ‍ॅमस्टरडॅमच्या कवीनं शंखांच्या चित्राखाली शेरा मारला होता की वेडा माणूस पैसा कुठे घालेल सांगता येत नाही. वेड काही ओसरलं नाही. १७९६ मध्ये पीटर लायोने ह्या संग्राहकाच्या शंखांच्या लिलावात कोनस सेडोनुली नावाचा एक शंख २४३ गिल्डरना गेला. लायोनेच्याच संग्रहातलं, डच चित्रकार फेर्मेरचं निळ्या पोशाखातल्या पत्र वाचणाऱ्या बाईचं चित्र, जे बघायला आज राइक्सम्युझियममध्ये लोक मान उंचावतात, ते १७९१ च्या लिलावात गेलं होतं ४३ गिल्डरना. मावशीला ते अजिबात अजब वाटलं नाही. चित्र काय, माणूस काढतो, असं तिचं म्हणणं.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. कुन्स्टकामरमध्ये उभं राहिलं की डोळे निवतात, पण हे शंख कुठून आले हे मनात असू द्यावं. अंबोन, बांदा ही आजच्या इंडोनेशियातली मसाल्याची बेटं. १६२१ मध्ये यान पीटरझोन कून ह्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या गव्हर्नर-जनरलनं जायफळाच्या मक्तेदारीसाठी बांदावरची बहुतेक माणसं मारली, हाकलली किंवा गुलाम केली. त्याच मार्गांवरून शंख आले. आणि आपल्याला सारीपाटामुळे ओळखीच्या असलेल्या कवड्या ह्याच कंपनीची जहाजं टनांनी अ‍ॅमस्टरडॅमला आणत, तिथे लिलाव होई आणि पुढे पश्चिम आफ्रिकेत त्या देऊन माणसं विकत घेतली जात. एकाच शहरात, एकाच काळात, एक शंख फळीवर निगुतीनं मांडला जात होता आणि दुसरा माणसाची किंमत म्हणून मोजला जात होता. समुद्राकाठी वाढलेल्या माणसाला हे जास्त लागतं.

अंबोनचा विषय निघाला म्हणून रुम्फियसबद्दल दोन शब्द. डच कंपनीचा हा नोकर अंबोनलाच राहिला, १६७० मध्ये आंधळा झाला, तरी हातानं चाचपून आणि दुसऱ्यांना लिहायला सांगून शंखांची वर्णनं करत राहिला. तो १७०२ मध्ये गेला आणि त्याचा शंख-शिंपल्यांचा मोठा ग्रंथ १७०५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला छापून आला. त्यात शंखाच्या आत राहणाऱ्या जीवाची दखल आहे: तो काय खातो, कुठल्या वाळूत सापडतो, स्थानिक लोक त्याचं काय करतात. कोन शंखाचा डंख विषारी असतो हेही त्यात आलं आहे. हॉलंडमधल्या बहुतेक संग्राहकांना रिकामी, पॉलिश केलेली कवचं तेवढी ठाऊक होती. आम्ही कोकणातली माणसं तिसऱ्या-कालवं आधी खातो आणि मग शिंपला बघतो, त्यामुळे मला रुम्फियस फार जवळचा वाटतो.

आता जायचं कसं. अ‍ॅम्सटेलवेनहून २५ नंबरची ट्राम झाउदला, तिथून ५१ नंबरची मेट्रो वाटरलोप्लाइनला, आणि स्टेशनातून बाहेर आलं की घर दोन मिनिटांवर. तिकीट आधी ऑनलाइन वेळ ठरवून काढा. म्युझियमकार्ट (इथला संग्रहालयांचा वार्षिक पास) चालतं. सकाळची पहिली वेळ घ्या, कारण घर अरुंद आहे आणि संग्रहाच्या खोलीत थोडी माणसं जमली तरी फळ्या झाकल्या जातात. जुन्या घरातला जिना गोल फिरत जाणारा, चिंचोळा आहे. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी सावकाश चढावं, मावशी रेलिंग धरून मजेत चढली. लहान मुलांना खोल्या बघून कंटाळा येईल, प्रात्यक्षिकाला मात्र ती खिळून बसतात. दोन तास हाताशी ठेवा.

क्रमाबद्दल माझा आग्रह आहे. आधी कुन्स्टकामर, मग स्टुडिओ, मग छपाईचं प्रात्यक्षिक, आणि त्यानंतर पुन्हा एकदा कुन्स्टकामर. प्रात्यक्षिक बघून परत आलात की फळीवरचे शंख वेगळे दिसतात, कारण आता तुम्ही मनातल्या मनात त्यांच्यावर रेघा ओढू लागलेले असता.

शंखांच्या जाती ओळखायच्या, नावं लिहून घ्यायची असं मनात असेल तर हे ठिकाण त्यासाठी नाही. त्यासाठी लायडनचं नाचुरालिस हे निसर्गविज्ञानाचं संग्रहालय गाठा, ट्रेननं पाऊण तासाच्या आत पोचता. आणि रेम्ब्रांटचा शंख सरळ बघायचा असेल तर मोबाइलमध्ये ते चित्र आडवं उलटवा. वेटोळं जागेवर येतं, सही मात्र उलटी होते. पत्रा कोरताना रेम्ब्रांटच्या डोळ्यांसमोर जे होतं ते साधारण हेच.